उदासिनीकरणाची उष्णता काढताना या चुका टाळा

आम्ल आणि आम्लारी मिसळून क्षार व पाणी बनणं म्हणजे उदासिनीकरण; एक मोल पाणी बनताना सुटते ती त्याची उष्णता. थर्माकोलच्या कपात ५० मिली १ मोलर (लिटरला १ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात तेवढंच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. तापमान २७.० वरून ३३.४ अंश सेल्सिअसवर गेलं. वस्तुमान × विशिष्ट उष्मा (पाण्याचाच धरलेला) × तापमानातला फरक: १०० × ४.१८ × ६.४ म्हणजे सुमारे २६७५ ज्यूल. पाणी तयार झालं ०.०५ मोल, म्हणून एन्थाल्पीतला बदल (स्थिर दाबाला अभिक्रियेने घेतलेली किंवा दिलेली उष्णता) −५३.५ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकात असतो −५७.१.

उत्तर २७ च्या आसपास आलं, तर वस्तुमान ५० ग्रॅम धरलंय. तापतं ते अख्खं मिश्रण, म्हणून १०० ग्रॅमच घ्या. दोन हजारांच्या वर गेलं, तर ६.४ मध्ये २७३ मिळवलेत. तापमानातला फरक केल्विनमध्येही ६.४ च असतो.

खरी गफलत मात्र थर्मामीटरपाशी होते. सर्वांत जास्त दिसलेलं तापमान लिहून बहुतेक जण मोकळे होतात. पण पारा चढत असताना कप थंडही होत असतो. ओतण्याआधी दर अर्ध्या मिनिटाला चार नोंदी घ्या, ओतल्यावर ढवळत आणखी पाच मिनिटं घेत राहा. या नोंदींचा वेळ-तापमान आलेख काढा आणि त्यातली उतरती रेघ पट्टीने मागे, ओतल्याच्या क्षणापर्यंत वाढवा. वरच्या प्रयोगात ती ३३.८ ला पोचली, तर फरक ६.८ आणि उत्तर −५६.८!

दुसरं, सोडियम हायड्रॉक्साइड विरघळतानाच तापतं. ताजं द्रावण कोमट असतं. आम्ल २७.० आणि हे २८.० असेल, तर समान आकारमानांसाठी सुरुवात २७.५ धरायची. २७.० धरलीत तर अर्धा अंश फुकटचा मिळतो, आणि तेवढ्याने उत्तर ४.१८ किलोज्यूलने फुगतं.

काचेचा बीकर वापरू नका. १०० ग्रॅमचा बीकर पूर्ण तापला तर दर अंशाला ८० ज्यूलच्या आसपास उष्णता खातो, आणि उत्तर ४८ वर येतं.

५० मिली १ मोलर सल्फ्युरिक आम्ल असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिली लागतं: वस्तुमान १५० ग्रॅम, आणि भागायचं ०.१ ने, कारण पाणी ०.१ मोल बनतं.

चिन्ह विसरू नका. द्रावणाला मिळालेली उष्णता धन, पण ती अभिक्रियेने दिली म्हणून एन्थाल्पीतला बदल ऋण. नवसागर पाण्यात विरघळवताना तापमान उतरतं, तिथे तो धन.

आणि ॲसेटिक आम्लाला उत्तर थोडं कमी आलं, तर हिशेब खोडू नका. सौम्य आम्लाच्या आयनीभवनात थोडी उष्णता खर्च होतेच.