फोमचं चिलखत: पट्टे आधी, रंग शेवटी

घरी बोबा फेटचा, म्हणजे स्टार वॉर्समधल्या चिलखत घातलेल्या पात्राचा, पोशाख करणार असाल तर कटर हातात घेण्याआधी ठरवा, कोणता बोबा फेट? 1980 च्या स्टार वॉर्स चित्रपटातला की 1983 च्या? लांबून दोघं सारखेच दिसतात, पण मनगटावरचे गॉन्टलेट आधीच्या चित्रपटात हिरवट आहेत, नंतरच्यात मरून. दोन्हींचे फोटो एकत्र करून काम सुरू केलं की पोशाख धड ना इकडचा होतो, ना तिकडचा. एकाच चित्रपटाचे फोटो घ्या. पाठीमागचेही हवेत, कारण कवच अंगावर राहतं कसं ते मागूनच कळतं, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सामान. इव्हा फोम तीन जाडीचा: हेल्मेट आणि जेटपॅकला (पाठीवरचं उडायचं यंत्र) 10 मिमी, प्लेटांना 5 किंवा 6 मिमी, बारीक कंगोऱ्यांना 2 मिमी. चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानांत शीट मिळते. मुलांच्या खोलीत अंथरायच्या मॅटही चालतात, फक्त खरखरीत बाजू आत ठेवायची. विकत घेताना अंगठ्याने दाबून बघा. खड्डा लगेच भरून आला तरच घ्या. जोडायला फेविकॉल एसआर 998 किंवा तसलं कुठलंही रबर सोल्यूशन. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र. कटरची पाती भरपूर, कारण बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. आणि कार्बनचे डबे लावलेला मास्क. कापडी मास्क किंवा एन95 धूळ अडवतो, सोल्यूशनची वाफ नाही. खिडकी उघडी, देवघरात दिवा किंवा गॅस चालू नाही. ती वाफ पेट घेते.

त्याच खेपेला, त्याच पिशवीत पट्टे. बॅगेला असतात तसले नायलॉनचे पट्टे, त्यांची बक्कलं, रुंद इलॅस्टिक, टिचबटणं आणि शिवायचं वेल्क्रो. पाठीला डिंक असलेलं, नुसतं चिकटवायचं वेल्क्रो घेऊ नका. गेल्या वेळी पट्ट्यांचं मी शेवटच्या रात्रीवर ढकललं आणि छातीच्या प्लेटा चिकटवायच्या वेल्क्रोवर लावल्या. मुंबईच्या दमट हवेत, घामाने भिजलेल्या कापडावर तो डिंक तासभरही टिकला नाही. प्लेट सुंदर होती, रंग उत्तम लागला होता, आणि दिवसभर ती हाताने छातीशी धरून फिरावं लागलं. म्हणून पट्टे फोमसोबतच घरात आले पाहिजेत.

मापं अंगावर घ्या, पण नुसत्या अंगावर नाही. आत बॉयलर सूट (कामगारांचा अंगभर एकसंध पोशाख) आणि त्यावर जाकीट घालून मग. बोबाच्या छातीच्या प्लेटा त्या बिनबाह्यांच्या जाकिटावरच बसतात आणि बाहेरून एकही पट्टा दिसत नाही. त्यामुळे जाकीट आधी शिवून घ्या, टेलरकडून शिवलंत तरी हरकत नाही. ते घालून धडाला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, वर मास्किंग टेप, त्यावर मार्करने प्लेटांच्या रेघा. कापून सपाट करा, कागदावर उतरवा. एकट्याने होत नाही, घरातल्या कुणाला तरी बसवून ठेवा.

कापणं, गरम करून वाकवणं यात सांगण्यासारखं फार नाही. पातं उभं धरा, एका दमात कापा. सोल्यूशन दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच जोडायचं. घाई केलीत तर सांधा उघडतो. वाकवून झालं की सगळ्या पृष्ठभागावरून एकदा हीट गन फिरवा. फोमची छिद्रं मिटतात आणि किंचित चकाकी येते. ही चकाकी दिसली नाही तर रंग फोममध्ये जिरत राहील.

आता पट्टे. रंगाच्या आधी. कृपा करून रंगाच्या आधी. रबर सोल्यूशन रंगावर लावलं तर ते फोमला धरत नाही, रंगाच्या पापुद्र्याला धरतं, आणि ओढ बसली की पापुद्र्यासकट सुटून येतं. शिवाय त्यातलं द्रावक आधी मारलेला स्प्रे विरघळवतं. म्हणून प्लेटेच्या आतल्या बाजूला, उघड्या फोमवर, नायलॉनच्या पट्टीचा तुकडा चिकटवा. पट्टीला टिचबटणाचा एक भाग आधीच ठोकलेला हवा, दुसरा भाग जाकिटावर. मोठ्या प्लेटेला चार कोपऱ्यांत चार बटणं. खांद्याच्या वाट्यांना दंडाभोवती इलॅस्टिक लागतंच, पण तेवढ्यावर त्या घसरतात. वरून जाकिटाच्या खांद्याच्या शिवणीलाही एक पट्टी हवी. गुडघ्यांना वर-खाली दोन इलॅस्टिक आणि वरच्या टोकाला सूटवर एक टिचबटण, नाहीतर चार पावलांत गुडघा पोटरीवर येतो.

जेटपॅकचं वेगळं. तो जाकिटाला कधीच लावायचा नाही. त्याच्या वजनाने जाकीट मागे ओढलं जातं आणि कॉलर गळ्यात रुतते. जाकिटाच्या आत दप्तरासारखे दोन्ही खांद्यांचे पट्टे घाला, ते एका कडक पाठीच्या तुकड्याला जोडा, जाकिटाच्या पाठीला दोन भोकं पाडून जेटपॅक त्यातून आतल्या तुकड्याला अडकवा. भोकांच्या कडा शिवून घ्या.

पट्टे लागले की रंग न लावता, तसाच करडा-काळा पोशाख संपूर्ण घाला. खाली बसा. जिना चढा. दोन्ही हात वर करा. जमिनीवरून काहीतरी उचला. जे सुटतंय, टोचतंय, फिरतंय ते आत्ता दुरुस्त होईल. रंगानंतर नाही. बॉयलर सूटची चेन कुणाच्या मदतीशिवाय उघडता येते का, हेही याच वेळी बघा.

हेल्मेट. टी आकाराच्या फटीत गडद पारदर्शक प्लास्टिक. फार गडद घेतलंत तर संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्या दिसणार नाहीत. श्वासाने ते धुकटतंच. आतून भांड्याच्या साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने पुसलं तर थोडा वेळ निभावतं, पण खरा उपाय पॉवर बँकेवर चालणारा 5 व्होल्टचा छोटा पंखा, हवा बाहेर फेकणारा. त्याची जागाही रंगाआधीच कापायची. रेंजफाइंडरची, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राची, काडी उजव्या कानावर. घुमटावरचा पोचा विसरू नका.

रंग. फोमवर लवचीक सीलर, मग सगळीकडे रुपेरी, तो वाळला की जिथे टवके दाखवायचेत तिथे टूथपेस्टचे ठिपके, वरून हिरवा. वाळल्यावर ओल्या कपड्याने पुसा, खालचं धातूसारखं रुपेरी डोकावेल. हे काम मन लावून करा, बोबाचं सगळं रूप त्या ओरखड्यांत आहे. रंग मारण्याआधी प्लेटांची आतली बाजू आणि टिचबटणं टेपने झाका.

डावीकडची केप, उजव्या खांद्यावरच्या वेण्या, पाउच, बूट. फोटो बघून करा.

कॉमिक कॉनला (कॉमिक्स-चित्रपटांच्या चाहत्यांचा मेळावा) जाताना हेल्मेट खोक्यात, प्लेटा जुन्या चादरीत, आणि वाहन उन्हात उभं ठेवायचं नाही, फोम वाकतो. बंदूक खरी वाटेल अशी नको, प्रवेशद्वारावर प्रॉप तपासतात. सोबत एक माणूस, ज्याच्याकडे तुमचा फोन, पैसे, पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ. त्याच्या पिशवीत सोल्यूशनची छोटी ट्यूब, सुई-दोरा, सेफ्टी पिना, इलॅस्टिकचा तुकडा, जास्तीची टिचबटणं आणि ती ठोकायचा पंच. दर तासाला हेल्मेट काढा, पाणी प्या.