उन्हाळ्यातल्या सकाळी खाडीवर गरवायचं असेल तर

गजर लावण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पहाटे जाऊन रिकाम्या हातांनी परतलेली माणसं बहुतेक वेळा उभ्या पाण्यात गळ टाकून बसलेली असतात. पाणी चालू लागलं की कोळंबी, बारकी मासळी त्याच्या ओढीबरोबर वाहत येते आणि मोठा मासा तिच्या मागावर येतो. पाणी थबकलं की तोही थबकतो. म्हणून मी आधी पाण्याची वेळ ठरवतो, मग झोपेची.

बहुतेक किनाऱ्यांवर पाणी साधारण सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं, पण सारख्या वेगाने नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम हलतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी येतं किंवा जातं. तेच दोन तास उजाडण्याच्या वेळेशी जुळणारा दिवस निवडा. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज साडेपाचला असलेलं चांगलं पाणी चार दिवसांनी जवळपास नऊला मिळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी असते की दोरीला बांधलेलं शिशाचं वजन तळाशी ठरत नाही आणि पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, ओढच कमी. मला या दोहोंच्या मधले दिवस आवडतात.

सकाळच का? तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. रात्रभरात उथळ पाणी निवतं, म्हणून पहाटे मासा अगदी काठाशी येतो आणि ऊन चढलं की खोल पात्रात सरकतो. शिवाय पहाटे वारा असलाच तर जमिनीकडून येणारा मतलई, तोही मंद, त्यामुळे काठाजवळचं पाणी सपाट असतं.

पोचल्याबरोबर गळ टाकू नका. दहा मिनिटं नुसतं बघा. वाहतं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते, कधी फेस, कधी पालापाचोळा त्या रेघेवर जमतो. ओहोळाच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला, पुलाच्या खांबामागे ती हमखास सापडते. मासा संथ बाजूला दबा धरून असतो, कारण तिथे त्याला ताकद लावावी लागत नाही आणि खाणं समोरून वाहत येतं. गळ रेघेच्या वरच्या अंगाला टाका आणि पाण्यालाच आमिष खाली न्यायला सांगा. हे जमलं की महागड्या रॉडची गरज उरत नाही. सात फुटांचा मध्यम रॉड, स्पिनिंग रील, दोरीवर मोकळं सरकणारं शिसं, त्याखाली स्विव्हल (दोरीचा पीळ न पडू देणारी फिरती कडी), मग हातभर लीडर (गरीजवळची वेगळी दोरी) आणि गरी, म्हणजे हूक, एवढं पुरतं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी किती जोराने सुटेल ते ठरवणारी रीलची पकड, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, कोरडी दोरी घर्षणाने कमजोर होते.

आमिष म्हणून माझी पसंती जिवंत कोळंबीलाच. तिला उजेडाकडे धरून बघा: डोक्यावरच्या करवती शिंगाच्या मागे, कवचाआड एक काळसर ठिपका दिसतो. गरी त्या ठिपक्याच्या पुढे, शिंगाखालून आडवी काढा. ठिपक्याला टोक लागलं तर ती तिथेच मरते. नाही लागलं तर बराच वेळ पाय मारत राहते, आणि मासा त्या हालचालीलाच येतो.

मी सर्कल गरी वापरतो आणि तुम्हीही वापरावी असं मनापासून वाटतं. तिचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकते, पोटात जात नाही. मात्र हिसका देण्याची सवय सोडावी लागते. टोचणी लागली, म्हणजे माशाने आमिष ओढलेलं हाताला जाणवलं, की थांबा, दोरी ताणली जाऊ द्या, मग सावकाश रील फिरवा. हिसका दिला की गरी तोंडातून सुटून येते.

लहान मासा असेल, किंवा तिथल्या नियमाने ठेवता येत नसेल, तर हात ओले करून धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. कल्ल्यांत बोटं घालू नका. पाण्यात सरळ धरून ठेवा आणि स्वतःहून शेपूट मारली की सोडा. ठेवायचा मासा लगेच बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळलेल्या डब्यात टाका. नुसत्या बर्फापेक्षा तो त्यात लवकर गार होतो.

पाण्यात उतरणार असाल तर पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घसटत चाला. वाळूत दबलेली पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) त्या चाहुलीने निघून जाते. शिंगाळा या माशाचे काटे विषारी असतात, त्याची गरी पकडीनेच काढा. आणि चढत्या पाण्यात वाळूच्या उंचवट्यावर उभे असाल तर पाठीमागच्या सखल पट्ट्यावर लक्ष ठेवा. पाणी आधी तिथे भरतं आणि परतीची वाट तुटते.

ऊन तापलं की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, वाऱ्याने दोरी फुगून तिला पोट पडतं आणि टोचणी हाताला कळेनाशी होते. तेव्हा मी आवरतो. घरी पोचलात की रीलचा ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या. जोराची धार मारू नका, तिने मीठ आत ढकललं जातं. पुसून सावलीत ठेवा आणि सुकल्यावर ड्रॅग सैल करा.