इंजिन बदलताना ईसीयू कोणता घ्यायचा

माउंट, गिअरबॉक्स, रेडिएटर यांची जुळवाजुळव झाली, इंजिन खाली बसलं, की मग ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, विषय निघतो. हा क्रम उलटा हवा. कोणता ईसीयू लावायचा यावर डोनर गाडीतून, म्हणजे ज्या गाडीचं इंजिन घेतलं तिच्यातून, काय काय काढून आणायचं ते ठरतं, आणि ती गाडी एकदा भंगारात गेली की राहिलेली वस्तू शोधत बसावं लागतं.

इंजिन मूळ स्थितीतलंच असेल, म्हणजे टर्बो, कॅम, इंजेक्टर काही बदललेलं नसेल, तर पहिली पसंती त्याच इंजिनाच्या मूळ ईसीयूला द्यावी. पहाटेच्या थंडीत सुरू होणं, एसी लागल्यावर आयडल न पडणं, नॉक (सिलिंडरमधला अवेळी स्फोट) आल्यावर ठिणगीचं टायमिंग मागे घेणं हे सगळं कंपनीने त्यात आधीच बसवलेलं असतं. स्टँडअलोनवर, म्हणजे बाहेरून घेऊन ट्यून करायच्या ईसीयूवर, तेवढी सफाई आणायला बरेच दिवस जातात. प्रदूषण तपासणी ओबीडी (गाडीतल्या निदानाच्या) सॉकेटमधून होत असेल तर मूळ ईसीयूशिवाय फारसा पर्यायच नसतो; बहुतेक स्टँडअलोन त्या तपासणीला लागणारी माहिती देत नाहीत.

मूळ ईसीयू ठेवायचा तर सामान पूर्ण आणा: न कापलेलं इंजिन हार्नेस (वायरिंगचा जुडगा), ॲक्सिलरेटर पेडल, सगळे ऑक्सिजन सेन्सर, फ्यूज बॉक्स आणि एअर फ्लो मीटर त्याच्या नळीसकट. नळीचा व्यास बदलला तर मीटरचं माप चुकतं आणि मिश्रण बिघडतं. याशिवाय किल्ली, इग्निशनभोवतीची अँटेना रिंग आणि इमोबिलायझरचं (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचं) मॉड्यूल हवं. काही गाड्यांत इमोबिलायझर मीटर क्लस्टरमध्ये किंवा बॉडी मॉड्यूलमध्ये असतो, तेव्हा तेही उचला. हे भाग एकमेकांना ओळखतात. त्याच पार्ट नंबरचा दुसरा ईसीयू आणला तरी तो किल्ली मानत नाही. लक्षण ठरलेलं: इंजिन लागतं आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतं, किंवा स्टार्टर फिरतो पण इंजेक्टर उघडतच नाहीत. मग बिचारा फ्युएल पंप विनाकारण बदलला जातो.

नाव तेच म्हणून ईसीयू जुळेल असं समजू नका. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांत जुन्या पिढीच्या क्रँकवर २४ एक्सचं (एका फेरीत सेन्सरला २४ पल्स देणारं) चाक, तर नंतरच्या बहुतेक इंजिनांत ५८ एक्सचं. एकाचा ईसीयू दुसऱ्यावर थेट चालत नाही; मध्ये सिग्नल बदलणारा डबा लावावा लागतो किंवा जुळणारा ईसीयूच आणावा लागतो. त्यामुळे विकत घेण्याआधी क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सरची जागा, कनेक्टर आणि ईसीयूवरचा नंबर यांचे फोटो घेऊन पडताळा.

गिअरबॉक्स हा दुसरा खड्डा. ऑटोमॅटिक गाडीचा ईसीयू मॅन्युअलवर लावला तर तो गिअरबॉक्स शोधत राहतो, कोड टाकतो आणि कधी पॉवरही कापतो. उलट ऑटोमॅटिकच ठेवायचा असेल तर त्याला कोण चालवणार ते आधी विचारा. एलएसच्या जुन्या पिढीतला संगणक ४एल६०ई गिअरबॉक्सही सांभाळतो; ६एल८०चा संगणक मात्र गिअरबॉक्सच्या आतच असतो आणि इंजिनाशी कॅनवरून (मॉड्यूलना जोडणाऱ्या दोन वायरींच्या डेटा लाइनवरून) बोलतो. तिथे स्टँडअलोन लावायचा तर त्याला ती भाषा येते का, हे निर्मात्याकडून लेखी घ्या.

स्टँडअलोन घ्यायचा ठरला तर ब्रँड बाजूला ठेवा आणि कागद घ्या. इंजिनावरची प्रत्येक वायर मोजा. चार सिलिंडर, दोन्ही कॅमवर व्हीव्हीटी (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या इंजिनाचा हिशोब असा होतो: इंजेक्टर ४, कॉइल ४, व्हीव्हीटी २, थ्रॉटल मोटर २, पंप रिले १, पंखे २, एसी क्लच १, टॅको (आरपीएम मीटर) १. म्हणजे १७ आउटपुट. इनपुटमध्ये क्रँक १, कॅम २, गाडीचा वेग १. शिवाय मॅनिफोल्ड प्रेशर, पेडलचे २, थ्रॉटलचे २, कूलंट, हवेचं तापमान, ऑइल प्रेशर, फ्युएल प्रेशर हे ९ ॲनालॉग. आणि ब्रेक, क्लच, एसी हे ३ स्विच. नॉक सेन्सर आणि वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) वेगळे. यावर तीन-चार पिना शिल्लक राहतील असाच ईसीयू घ्या, कारण बूस्ट किंवा पर्ज सोलेनॉइड नंतर हमखास आठवतो. व्ही६ वर चारही कॅमना व्हीव्हीटी असेल तर कॅमचेच ४ इनपुट आणि ४ आउटपुट लागतात. स्वस्त ईसीयू इथेच बाद होतात.

संख्या जुळली तरी प्रकार जुळायला हवा.

क्रँकच्या चाकाचा नमुना ईसीयूच्या यादीत नावानिशी असला पाहिजे. ३६-१ (३६ दातांपैकी १ गाळलेला) आणि ६०-२ जवळजवळ सगळे वाचतात, पण सुबारूचा ३६-२-२-२ किंवा निसानचा डिस्ट्रिब्युटरमधला ३६० खाचांचा ऑप्टिकल नमुना सगळ्यांना जमत नाही. मग सेन्सर व्हीआर (चुंबक आणि गुंडाळीचा) की हॉल (इलेक्ट्रॉनिक) ते पाहा. व्हीआरला बहुधा दोन वायरी, त्यांच्यामध्ये काहीशे ते एक-दोन हजार ओहम; हॉलला तीन वायरी आणि बाहेरून वीज. व्हीआरच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी इंजिन अनेकदा सुरू होतं, फक्त आरपीएम वाढला की टायमिंग सरकतं किंवा सिंक (क्रँकच्या स्थितीशी ईसीयूची जुळणी) तुटतो. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. शील्डची जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा.

इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजायला दोन मिनिटं पुरतात. १० ते १६ ओहम आला तर कुठलाही ईसीयू चालेल. १.५ ते ४ ओहम असेल तर पीक अँड होल्ड (आधी जास्त, मग कमी करंट देणारा) ड्रायव्हर हवा किंवा प्रत्येक इंजेक्टरला सिरीजमध्ये रेझिस्टर. १४ व्होल्टवर २ ओहमचा इंजेक्टर ७ अँपिअर ओढतो. साधा ड्रायव्हर तेवढा भार फार वेळ सोसत नाही. स्पीडुइनोसारख्या आर्डुइनो मेगावर आधारलेल्या स्वस्त बोर्डवर ४ इंजेक्टर आणि ४ इग्निशन चॅनल मिळतात, पण कॉइलना ते फक्त लॉजिक सिग्नल देतात. आत इग्नायटर (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) असलेल्या कॉइलला हे पुरतं. बिनइग्नायटरची कॉइल थेट जोडली तर ठिणगी नाहीच, वर बोर्डही जळतं. असा बोर्ड साध्या, केबल-थ्रॉटलच्या इंजिनासाठी छान. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलसाठी तो घेऊ नका. थ्रॉटल उघडा अडकला तर काय होईल याची तपासणी आतून करणारा ईसीयूच तिथे हवा, यात तडजोड नाही.

डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असेल तर थांबा. त्याच्या सोलेनॉइड इंजेक्टरना उघडायला साधारण ५० ते ६५ व्होल्ट लागतात आणि हाय प्रेशर पंपाचं टायमिंगही सांभाळावं लागतं. बहुतेक स्टँडअलोनला हे वेगळ्या ड्रायव्हर बॉक्सशिवाय जमत नाही. खर्च धरला तर मूळ ईसीयूच शहाणपणाचा.

आता गाडीची बाजू. नव्या गाडीत मीटर, एबीएस आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंग इंजिनाच्या आरपीएमची कॅनवर वाट पाहतात. तो संदेश आला नाही तर काही गाड्यांत स्टिअरिंगचा असिस्टच मिळत नाही. बॅटरी सोडवून कॅनच्या दोन वायरींमध्ये मोजा: ६० ओहमच्या आसपास हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. अल्टरनेटरही पाहून घ्या. मूळ ईसीयूच्या सिग्नलवर चालणारा असेल तर स्टँडअलोनवर तो नीट चार्ज करणार नाही. ही गोष्ट फार जण विसरतात.

यातून दोन-तीन नावं उरतील. त्यांतलं तुमचा ट्यूनर रोज वापरतो ते घ्या. हॉलटेक असो, लिंक असो की मेगास्क्वर्ट, न वापरलेलं सॉफ्टवेअर शिकण्याचे तास शेवटी तुमच्याच बिलात येतात. आधीच्याने लॉक केलेला जुना ईसीयू स्वस्तात मिळत असेल तर सोडून द्या.

बसवल्यावर लगेच पेट्रोल सोडू नका. पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारा. आरपीएम १५० ते २५० दरम्यान स्थिर दिसला पाहिजे आणि सिंक तुटल्याची नोंद शून्य हवी. त्याच वेळी ईसीयूच्या पॉवर पिनवर व्होल्टेज मोजा. ९ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी, रिले आणि अर्थ तपासा. शून्यावर येत असेल तर वायर चुकीच्या जागेवरून घेतली आहे: इग्निशन स्विचची ॲक्सेसरी लाइन स्टार्ट मारताना बंद होते. सेन्सरचे ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनलाच न्या, बॉडीला नाही.

मग टायमिंग १० अंशांवर लॉक करा, इंजिन सुरू करा आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण पाहा. सॉफ्टवेअर १० म्हणतंय आणि पुली २५ दाखवते, तर ट्रिगरचा ऑफसेट (सेन्सरच्या खुणेपासून धरलेला कोन) बदला, मॅपला (टायमिंगच्या तक्त्याला) हात लावू नका. अंक दाखवणारी लाइट वेस्ट स्पार्कवर (क्रँकच्या दर फेरीला ठिणगी देणाऱ्या पद्धतीवर) आकडा दुप्पट दाखवू शकते. तिचा ॲडव्हान्स शून्यावर ठेवून पुलीच्या खुणाच वाचा. शेवटी टायमिंग लॉकच ठेवून आरपीएम ३०००पर्यंत न्या. खूण जागची हलली तर व्हीआरच्या वायरी उलट करून पुन्हा पाहा, आणि ती स्थिर होईपर्यंत गाडी डायनोवर (पॉवर मोजण्याच्या मशीनवर) नेऊ नका.