घरच्या नेटवर्कवर संगणकाला कायमचा स्थानिक पत्ता कसा द्यावा

घरातील एका संगणकावर साठवलेले फोटो टीव्हीवर पाहायचे असतील, त्याला जोडलेला प्रिंटर सर्वांना वापरायचा असेल, किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर घरापुरता जाहिरातरोधक चालवायचा असेल, तर इतर उपकरणांना तो संगणक नेहमी एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कवरील उपकरण ओळखण्याच्या क्रमांकावर, सापडायला हवा. राउटर मात्र तशी हमी देत नाही. डीएचसीपी या पद्धतीनुसार तो प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीपुरता पत्ता देतो. या मुदतीला लीज म्हणतात आणि अनेक राउटरांवर ती २४ तासांची असते. निम्मी मुदत उलटली की संगणक स्वतःच मुदतवाढ मागतो आणि ती सहसा मिळतेही, त्यामुळे कित्येक महिने पत्ता बदललेला जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी वीज जाते, काही राउटर त्या झटक्यात वाटपाची यादी विसरतात, आणि संगणक चालू होईपर्यंत त्याचा जुना पत्ता कोणाच्या तरी मोबाइलकडे गेलेला असतो. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात राउटरलाच सांगून ठेवायचे की अमुक संगणकाला नेहमी अमुकच पत्ता द्यावा. याला रिझर्व्हेशन म्हणतात. दुसऱ्यात संगणकाच्या सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरायचा. माझ्या मते शक्य असेल तेथे पहिलाच उपाय करावा, कारण त्यात सर्व पत्त्यांची नोंद एकाच ठिकाणी राहते, आणि लॅपटॉप कार्यालयात किंवा नातेवाइकांकडे नेला तरी तो तेथील नेटवर्कशी निमूटपणे जुळवून घेतो.

आधी तीन गोष्टी टिपून घ्याव्यात

पहिली गोष्ट म्हणजे राउटरचा पत्ता. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे तो दिसतो. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तर जिओफायबरच्या राउटरवर साधारणपणे १९२.१६८.२९.१ आढळतो. (येथे अंक देवनागरीत दिले असले तरी संगणकात ते इंग्रजीतच टाइप करावेत.) ज्यांच्याकडे केबलचालकाने बसवलेला डबा आणि त्यापुढे स्वतःचा राउटर अशी दुहेरी व्यवस्था आहे, त्यांनी ही ओळ विशेष काळजीने पाहावी, गेटवे म्हणून ज्याचा पत्ता दिसतो, घरगुती मांडणीत तोच बहुधा संगणकाला पत्ता देत असतो, आणि नोंदही तेथेच करायची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे संगणकाचा मॅक पत्ता. हा नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक बारा चिन्हांचा असतो आणि त्यात ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय किंवा इथरनेट आणि त्यातील हार्डवेअर प्रॉपर्टीज असे गेल्यावर ‘फिजिकल ॲड्रेस’ या नावाने तो मिळतो. लॅपटॉपमध्ये वाय-फायचा मॅक पत्ता वेगळा आणि केबलच्या जोडणीचा वेगळा असतो, म्हणून ज्या मार्गाने संगणक रोज जोडला जातो त्याचाच घ्यावा. सतत चालू राहणाऱ्या संगणकासाठी केबल केव्हाही बरी. विंडोजमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ हा पर्याय चालू असेल, तर निदान घरच्या वाय-फायपुरता तो बंद करावा, नाहीतर संगणक राउटरपुढे खऱ्या क्रमांकाऐवजी बनावट क्रमांक घेऊन उभा राहतो. मोबाइललाही कायमचा पत्ता द्यायचा असल्यास हीच अडचण येते, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून वाय-फायवर असा बनावट मॅक पत्ता वापरणे हीच मूळ मांडणी झाली आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे राउटर कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत पत्ते वाटतो ते. यासाठी राउटरमध्ये शिरावे लागते.

राउटरवर नोंद करणे

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत गेटवेचा क्रमांक टाकला की राउटरचे लॉगिन पान उघडते. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असतात; मात्र ते वाय-फायच्या पासवर्डहून वेगळे असू शकतात. काही इंटरनेट कंपन्या हे पान ग्राहकासाठी बंद ठेवतात किंवा मोजकेच पर्याय दाखवतात. अशा वेळी कंपनीकडे रीतसर मागणी करावी, आणि ती मान्य न झाल्यास खाली दिलेला दुसरा मार्ग धरावा.

आत गेल्यावर लॅन (म्हणजे घरातले नेटवर्क) किंवा डीएचसीपी सर्व्हर हा विभाग शोधावा. तेथे वाटपाचा सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४. म्हणजे हा राउटर जवळजवळ सगळेच क्रमांक वाटून टाकतो. मी सुरुवातीचा पत्ता १९२.१६८.१.१०० आणि शेवटचा १९२.१६८.१.१९९ करणे पसंत करतो. शंभर पत्ते घराला पुष्कळ होतात आणि १०० च्या खालचे क्रमांक आपल्या मर्जीने वापरायला मोकळे राहतात.

त्याच विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ अशा कोणत्या तरी नावाचा पर्याय असतो. तेथे नवी ओळ उघडून मॅक पत्ता, हवा असलेला आयपी पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, आणि ओळखीसाठी ‘अभ्यासिका संगणक’ यासारखे नाव इंग्रजी अक्षरांत भरावे. विंडोज मॅक पत्त्यातील जोड्यांमध्ये आडवी रेघ दाखवते, तर पुष्कळ राउटर तेथे विसर्गासारखे दोन टिंब मागतात. नोंद नाकारली गेली तर आधी हेच तपासावे. काही राउटर राखीव पत्ताही वाटपाच्या मर्यादेतीलच हवा असा हट्ट धरतात, तेव्हा १५० सारखा क्रमांक निवडावा. त्यात धोका नाही, कारण राखीव पत्ता राउटर दुसऱ्या कोणाला देत नाही.

नोंद साठवल्यावर पत्ता लगेच बदलत नाही. संगणकाचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे, किंवा केबल काढून परत लावावी, आणि ‘आयपीकॉन्फिग’ने नवा पत्ता पाहावा. मग दुसऱ्या संगणकावरून ‘पिंग’ ही आज्ञा त्या पत्त्यासह द्यावी; समोरचे उपकरण उत्तर देते का हे ती तपासते. उत्तर आले नाही म्हणून लगेच नोंद चुकली असे समजू नये. विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवणारी संरक्षक व्यवस्था, पिंगला अनेकदा उत्तरच देत नाही, तेव्हा सामायिक केलेले फोल्डर थेट उघडून पाहणे अधिक खात्रीचे.

संगणकावरच पत्ता भरणे

विंडोज ११ मध्ये त्याच जोडणीच्या पानावर ‘आयपी असाइनमेंट’पुढील एडिट दाबून ‘मॅन्युअल’ निवडावे आणि आयपीव्ही४ (आतापर्यंत पाहिलेल्या चार भागांच्या पत्त्यांची पद्धत) चालू करावे. आयपी पत्ता वाटपाच्या मर्यादेबाहेरचा द्यावा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता आणि डीएनएससाठीही (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) राउटरचाच पत्ता किंवा गूगलचा ८.८.८.८ भरावा. विंडोज १० मास्कऐवजी ‘सबनेट प्रीफिक्स लेंग्थ’ विचारते. तेथे २४ लिहावे. आयपीव्ही६ ला हात लावू नये. ॲपलच्या मॅक संगणकावर सिस्टिम सेटिंग्जमधील नेटवर्क, डिटेल्स, टीसीपी/आयपी या मार्गाने ‘युझिंग डीएचसीपी विथ मॅन्युअल ॲड्रेस’ हा सुटसुटीत पर्याय मिळतो, ज्यात फक्त पत्ता द्यावा लागतो आणि बाकीचे राउटर पुरवतो.

या पद्धतीत राउटरला आपल्या निवडीची खबर नसते, म्हणून मर्यादेतील पत्ता घेतल्यास तोच दुसऱ्या उपकरणाला मिळून दोघांचेही इंटरनेट अधूनमधून तुटू शकते. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला डीएचसीपीकडून काहीच मिळालेले नाही असे समजावे आणि केबल, वाय-फाय व राउटर या क्रमाने पाहावे. पत्ता बरोबर आहे, फोल्डर उघडतात, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर बहुधा गेटवे किंवा डीएनएसचा रकाना चुकलेला असतो.

एवढे केल्याने घराबाहेरून संगणकाशी जोडता येईल असे नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या मानकानुसार खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत आणि ते इंटरनेटवर चालत नाहीत.

कंपनीने राउटर बदलून दिला की जुन्या नोंदी त्याच्याबरोबर जातात आणि गेटवेही बदलू शकतो. रिझर्व्हेशन वापरणाऱ्यांना नव्या राउटरवर नोंद पुन्हा करावी लागते, पण तोवर संगणकाचे इंटरनेट चालू राहते. हाताने पत्ता भरलेला संगणक मात्र जुन्याच गेटवेकडे पाहत बसतो, आणि त्याला आधी ‘ऑटोमॅटिक’वर आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून मॅक पत्ता, दिलेला पत्ता आणि उपकरणाचे नाव अशी यादी कागदावर लिहून राउटरजवळ ठेवावी.