जुन्या टर्बो डिझेलचा दम वाढवताय? रिमॅपआधी या चुका टाळा

"गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, रिमॅप करून टाकू का?" 1.3 मल्टिजेट इंजिनाची दहा-बारा वर्षं जुनी गाडी असलेला माणूस भेटला की हा प्रश्न हमखास येतो. रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं. फियाटचं हे 1248 सीसीचं डिझेल इंजिन आपल्या रांजणगावातही बनलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं. स्विफ्टमध्ये 75 पीएस पॉवर आणि 190 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. 2000 आरपीएमच्या खाली शांत, आणि टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, उठला की पाठ सीटला टेकते. माझी 2012 ची स्विफ्ट अजून रोज चालते. या इंजिनावर माझा जीव आहे, म्हणून कळकळीने सांगतो: बहुतेक जुन्या गाड्यांत पॉवर वाढवायची नसते, गेलेली परत आणायची असते. तिथेच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक होते.

गळती न शोधता टर्बोवर खापर फोडणं

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट माझी गाडी तिसऱ्या गिअरवर आरामात चढायची. एका पावसाळ्यानंतर दुसरा टाकावा लागायला लागला आणि आरशात काळा धूर दिसू लागला. एका वर्कशॉपने गाडी पाहून लगेच सांगितलं, टर्बो गेला, नवा टाका. पैसे भरण्याआधी एका जुन्या फिटरकडे गेलो. त्याने गाडी वर घेतली, टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या होजच्या खालच्या वळणावरून बोटं फिरवली आणि होज दाबून धरला. रबरात बोटभर लांबीची चीर उघडली. सोडला की चीर मिटायची. त्यामुळे गाडी उभी असताना काही कळायचं नाही; घाटात प्रेशर वाढलं की चीर उघडायची आणि दाबलेली हवा बाहेर जायची. टर्बोच्या आधी बसलेला सेन्सर मात्र ती हवा मोजून मोकळा झालेला, त्या हिशोबाने डिझेल पडायचं. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर. होज आणि दोन क्लॅम्प बदलले, गाडी पुन्हा तिसऱ्यावर घाट चढली.

अशा गाडीवर आधी रिमॅप केला असता तर तीच चीर आणखी फाटली असती. म्हणून सगळे होज हाताने दाबून पाहा, स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. होजच्या आत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, इंजिनाची तेलकट वाफ त्याच वाटेने जाते. बाहेरून ओला, धूळ चिकटलेला डाग दिसला तर मात्र तिथे लक्ष द्या. इनटेकमधली काजळी आणि प्रेशर सेन्सरचं काळं झालेलं टोक साफ केलं तरी बराच फरक पडतो.

खरोखर टर्बो बदलावा लागला तर

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तो बाजूला किंचित हलणं चालतं. आत-बाहेर हलत असेल किंवा पाती घराला घासत असतील तर टर्बो संपला. नवा टर्बो बसवून जुना, आतून करपलेल्या तेलाने अर्धा बुजलेला ऑइल पाइप तसाच ठेवणं ही घोर चूक आहे. असा नवा टर्बोही लवकरच जातो. पाइप, ऑइल, फिल्टर बदला, इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल काढा, आणि इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत तेल घाला. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर आयडलला ठेवा.

75 पीएसच्या टर्बोकडून अवास्तव मागणं

कंपनीने हेच इंजिन एसएक्स4, अर्टिगा आणि सियाझमध्ये 90 पीएसला दिलं, पण त्यासाठी व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो बसवला. स्विफ्टच्या साध्या टर्बोकडून कोणी 110 चं आश्वासन देत असेल तर तिथून उठून या. डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरला फसवणारे स्वस्त ट्यूनिंग बॉक्सही टाळा. जास्त डिझेल पडतं, पण सगळं जळत नाही. धूर आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं, ते पिस्टन आणि टर्बो दोघांना सोसावं लागतं.

रिमॅपनंतर पहिला हात टेकते ती क्लचप्लेट. आधीच तपासा: मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 2000 ला एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच आत्ताच घसरतोय.

बाहेरून बसवलेला उघडा कोन एअर फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतो, त्यापेक्षा मूळ बॉक्स आणि नवा पेपर फिल्टर बरा. जादा दाब बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह पेट्रोल टर्बोच्या कामाचा; या डिझेलला त्याची गरज नाही. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) बंद करू नका, कॅटकॉन (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू नका. साफ केलेला ईजीआर पॉवर खात नाही, आणि या छेडछाडीत धूर वाढतो, पीयूसी अडकते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि न कळवलेला बदल इन्शुरन्सच्या क्लेमच्या वेळी अंगाशी येतो.

पॉवर वाढवण्याआधी ब्रेक आणि टायरही पाहा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड पाहा: 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर असतील तर रिमॅपचे पैसे आधी त्यांवर घाला.

एवढं सगळं झाल्यावर गाडी महिनाभर चालवून बघा. तरीही रिमॅप हवाच असेल, तर ट्यूनरकडून ईसीयूची मूळ फाइल मागून आपल्याकडे ठेवा, आणि आधी-नंतरचे बूस्टचे (टर्बोच्या दाबाचे) आकडे एकाच चढावर, त्याच गिअरमध्ये स्कॅनर लावून घ्या.