नागपूरच्या उन्हात चॅनेल ग्लासची भिंत कशी उभारावी

सभागृह, कलादालन, वाचनालय किंवा बंदिस्त जलतरण तलाव यांच्या दर्शनी भागासाठी चॅनेल ग्लास, म्हणजे पन्हळीच्या आकाराच्या लांब काचपट्ट्या, निवडण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: ही काच उजेड मऊ करते, ऊन अडवत नाही. दुधाळ दिसते म्हणून ती थंडही असेल, असे अनेक विश्वस्त मंडळांना वाटते. कॅटलॉगमधल्या पुष्कळशा इमारती थंड देशांतल्या असतात आणि तिथे आत येणारे ऊन हवेहवेसे असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ अतितप्त दिवस, लागला की सूर्य मावळल्यावरही पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवून ठेवता येत नाही. त्यामुळे आधी सावली आखावी आणि मग काच.

ही काच तापून मऊ असतानाच रोलरमधून काढतात आणि तिच्या दोन्ही कडा काटकोनात वळवतात, म्हणून तिचा आडवा छेद पन्हळीसारखा दिसतो. सर्वांत जास्त वापरली जाणारी रुंदी २६२ मिलिमीटर आहे; २३२, ३३१ आणि ४९८ मिलिमीटरच्या पट्ट्याही मिळतात. वळवलेली कड ४१ किंवा ६० मिलिमीटर आणि जाडी ६ किंवा ७ मिलिमीटर असते. या कडांमुळे पट्टीला स्वतःचीच ताकद येते, त्यामुळे मध्ये उभे खांब न घालता केवळ वर, खाली आणि दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची चौकट देऊन पाच-सहा मीटर उंचीची सलग भिंत उभी करता येते.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील नेल्सन-ॲटकिन्स कला संग्रहालयाची ब्लॉक इमारत या काचेचे बहुचर्चित उदाहरण आहे. स्टीव्हन हॉल यांनी रचलेली ही इमारत २००७ मध्ये खुली झाली. तिच्या काचेच्या दोन थरांमध्ये पोकळी सोडलेली आहे. तिथली तापलेली हवा उन्हाळ्यात बाहेर सोडली जाते आणि हिवाळ्यात उबेसाठी धरून ठेवली जाते. त्या इमारतीची छायाचित्रे दाखवून तसेच काही मागणाऱ्यांना मी नेहमी या पोकळीबद्दल आधी सांगतो, कारण खर्च आणि विचार दोन्ही तिथे गेलेले आहेत.

आता दिशेविषयी. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिण भिंतीवरचा १ मीटरचा छज्जा त्या वेळी सुमारे २.६ मीटर भिंत सावलीत ठेवतो, आणि एप्रिलनंतर तर मध्यान्हीची सावली त्याहून खूप खाली उतरते. डिसेंबरमध्ये सूर्य ४५ अंशांपर्यंत खाली येतो व ऊन आत शिरते, पण तेव्हा त्याचा त्रास नसतो. उत्तर भिंत सर्वांत सुरक्षित मानतात आणि ते बहुतांशी खरे आहे. तरी २१ जूनच्या आसपास आपल्या शहरात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या भिंतीवर पडते. त्यासाठी उत्तरेला उभ्या, अरुंद पट्ट्यांचा आडोसा पुरतो. पूर्वेला व्हरांडा किंवा दाट झाडे असल्याशिवाय मोठी काच लावू नये. पश्चिमेला ती लावूच नये. तिथे जिना, स्वच्छतागृहे आणि सामानाची खोली घ्यावी.

एकेरी थराचा उष्णता-वहनांक (तो जितका कमी, तितकी उष्णता कमी आत येते) सुमारे ५.७ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश असतो. समोरासमोर दोन पट्ट्या बसवून दुहेरी भिंत केली की तो सुमारे २.८ होतो आणि उष्णता परतवणारा लेप दिलेल्या काचेत सुमारे १.८ पर्यंत उतरतो. वातानुकूलित सभागृहाच्या प्रतीक्षालयाला दुहेरीच हवी. वाहनांचा आवाजही तिने बराच दबतो. प्रत्यक्ष प्रेक्षागृहाची भिंत मात्र विटांचीच ठेवावी. संग्रहालयात जुनी वस्त्रे किंवा हस्तलिखिते असतील तर त्यांच्यासाठी ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) एवढाच उजेड योग्य मानला जातो, म्हणून ही काच दालनाला न लावता दालनांना जोडणाऱ्या वाटेला लावावी; अंधाऱ्या दालनातून बाहेर येणाऱ्याच्या डोळ्यांना तिथला सावलीसारखा उजेड फार सुखाचा वाटतो.

पट्टीची रुंदी आणि उंची वाऱ्याच्या हिशेबावरून ठरवावी. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलेला आहे, आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर वाऱ्याची ओढ मधल्या भागापेक्षा जास्त असते. पट्टी जितकी रुंद, तितका तिच्या दोनच कडांवर येणारा भार अधिक आणि तितकी झेपणारी उंची कमी. हा हिशेब उत्पादकाच्या तक्त्यावर न सोडता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही करून घ्यावा. माणसांचा हात किंवा धक्का लागेल अशा उंचीवर टफन केलेली (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) आणि हीट सोक चाचणीतून (भट्टीत पुन्हा तापवून सदोष काच आधीच फुटू देणाऱ्या) गेलेली काचच घ्यावी. टफन काच साइटवर कापता येत नाही, म्हणून मापे चौकट बसल्यावर प्रत्यक्ष घ्यावीत.

चौकटीला हलायला जागा ठेवणे हे सर्वांत नाजूक काम आहे. तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर ६ मीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे ७ मिलिमीटर वाढते, तर तेवढ्याच लांबीची काच जेमतेम २.७ मिलिमीटर. जानेवारीतल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत उन्हात राहणाऱ्या चौकटीत एवढा फरक सहज पडतो. म्हणून काच कुठेही थेट धातूला टेकू नये. खाली प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर ती बसवावी, वरच्या खाचेत मोकळी जागा सोडावी आणि चौकटीच्या लांब तुकड्यांमध्ये सांधे द्यावेत. ओळंबा पहिल्या पट्टीलाच नीट लावावा. पहिली पट्टी २ मिलिमीटर कलली, तर विसाव्या पट्टीपर्यंत ती चूक सगळ्या भिंतीला दिसते.

पाण्याबाबत माझ्या एका कामातला अनुभव सांगतो. वाचनालयाची भिंत एप्रिलमध्ये पूर्ण झाली, सुंदर दिसली, आणि जूनच्या दुसऱ्या पावसात आतल्या फरशीवर पाणी आले. खालची चौकट उघडली तेव्हा कळले, की पाणी बाहेर जाण्यासाठी पाडलेली भोके कारागिराने चांगल्या हेतूने सिलिकॉनने बुजवून टाकली होती. त्याला ती गळतीची भोके वाटली. ती नकाशावर दाखवली होती, पण साइटवर कोणी समजावून सांगितली नव्हती, आणि तो दोष माझाच होता. तेव्हापासून मी प्रत्येक भोक लाल खडूने खुणावतो आणि त्याला आतून बारीक जाळी लावून घेतो. दुहेरी भिंतीची पोकळी हवाबंद नसते, त्यामुळे जाळी नसेल तर आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यात दिव्यांवर झेपावणारी पाखरे आत जातात, आणि ती काढायला वाट राहत नाही.

ऑर्डर देण्याआधी तीन-चार पट्ट्यांचा नमुना प्रत्यक्ष त्याच दिशेला उभा करावा आणि नळीने अर्धा तास पाणी मारून पाहावे. दुपारी आतल्या बाजूला काचेपासून दोन हात अंतरावर उभे राहून उजेड डोळ्यांना टोचतो का, हेही बघावे. रात्री मागे दिवा लावून प्रकाशाचे गोळे दिसतात का ते तपासावे. दिसत असतील तर दिवे मागे सरकवावेत किंवा त्यांचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पाडून परतवावा.

वेल्डिंग, गिलावा आणि फरशी घासण्याचे काम काच येण्यापूर्वी संपवावे. वेल्डिंगच्या ठिणग्या काचेत रुतून बारीक खड्डे पाडतात आणि वाळलेल्या सिमेंटचा डाग काच खातो. हे दोन्ही पुन्हा निघत नाहीत. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार खडबडीत पृष्ठभागावर पांढरे होऊन बसतात. जलतरण तलावात आतल्या बाजूने ओल धरते, म्हणून तिथे हवा खेळती ठेवणारे पंखे आणि ॲनोडाइझ केलेली (गंजरोधक थर चढवलेली) चौकट लागते.

शेवटी, मूळ ऑर्डरमध्येच दर शंभर पट्ट्यांमागे दोन-तीन जादा मागवाव्यात. पुढे एखादी फुटली तर दुसऱ्या खेपेतील काचेची छटा आणि नक्षी जुळेलच असे नाही. ६० मिलिमीटर कडेची, ७ मिलिमीटर जाडीची, २६२ मिलिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब एकेरी पट्टी सुमारे ३२ किलो भरते. ती दोघांनी उचलावी, आणि जादा पट्ट्या आडव्या न ठेवता लाकडी घोडीवर उभ्या, कागदाचे अस्तर घालून, इमारतीच्या सामानाच्या खोलीत ठेवाव्यात.