बायपासनंतरची कॅफेतली कॉफी: डम्पिंग कसं टाळलं

कॅफेतल्या कोल्ड कॉफीत बहुधा आइस्क्रीम आणि चॉकलेट सॉस असतो. गॅस्ट्रिक बायपासनंतर (वजन कमी करण्यासाठी पोट लहान करून थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) एवढी साखर थेट लहान आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं आणि अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. यालाच डम्पिंग म्हणतात. एक-दोन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येऊन हातपाय थरथरले, तर तोही त्याचाच उशिराचा प्रकार.

म्हणून ऑर्डर ठरलेली: सर्वांत लहान कप, एस्प्रेसोचा (कडक कॉफीचा) एक शॉट, स्किम्ड दूध, सिरप आणि व्हिप्ड क्रीम नाही. फ्रापेचं (बर्फ घालून घुसळलेल्या कॉफीचं) तयार मिश्रण बहुधा आधीच गोड असतं, त्यामुळे 'साखर नको' सांगून भागत नाही. ते सोडूनच द्यावं. दुधाने पोट फुगलं तर लॅक्टोज-फ्री दूध.

प्रोटीन पावडर घरून न्यावी, पण उकळत्या कॉफीत टाकली की गुठळ्या होतात. आधी पाव कप थंड दुधात घोटायची, मग कोमट कॉफी थोडी थोडी ओतायची. स्ट्रॉ नको, हवा पोटात जाते. जेवणानंतर कॉफी घ्यायला अर्धा तास थांबावं. लोहाच्या गोळीपासून कॉफी दोन तास लांब. आणि कॅफीन पुन्हा कधी सुरू करायचं, हे सर्जनच सांगतील.